फत्तेसिंहरावांच्या अकरा चकल्या

बडोद्यात नळाच्या तोटीला चकली म्हणतात. शब्द गुजराती, पण इथली मराठी घरंही तोच वापरतात. ‘मोरीतली चकली नीट बंद कर’ असं आमच्याकडे सहज म्हटलं जातं आणि पुण्याहून आलेले पाहुणे एकमेकांकडे बघत राहतात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्या धनाजीराव शितोळ्यांचं सगळं आयुष्य चकल्यांमध्ये गेलं आणि ते आचारी नव्हते.

धनाजीराव प्लंबर होते. राहायला निजामपुऱ्यात, पण कामं बरीचशी आमच्या सुभानपुऱ्यात. सहा फूट उंची, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेला दोन हात लांब पाइप पाना. त्यांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, पण शितोळ्यांच्या माळ्यावर आजोबांची दोन खोगिरं तशीच पडून होती. धनाजीरावांनी पंचविशीत प्लंबिंग सुरू केलं तेव्हा नळाच्या वायसरसाठी चांगलं चामडं बाजारात मिळेना. त्यांनी एक खोगीर खाली काढलं, त्यावर रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल आखले आणि कापायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं ते चामडं असं निघालं, की वायसर एकदा बसवला की सात-आठ वर्षं बघायला नको.

“सर, तुमच्या मोरीत आमच्या आजोबांचं खोगीर बसलंय,” ते मला अभिमानाने सांगत. मी इथल्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे, त्यामुळे नळ बिघडला की मला त्यांना बोलावण्यापलीकडे काही करता येत नसे. धनाजीराव यायचे, डोळे मिटून ठिबक ऐकायचे आणि मग निदान सांगायचे.

नळाबद्दल त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं. “नळ म्हणजे वायसर. बाकी सगळं पितळ.” जुन्या नळापुरतं ते खरंही होतं. मूठ फिरवली की आट्यांची दांडी खाली उतरते, तिच्या टोकाचा वायसर पाण्याच्या तोंडावर दाबून बसतो, पाणी बंद. वायसर झिजला की नळ गळतो. बदलला की थांबतो. एकतीस वर्षं धनाजीरावांना याहून जास्त काही लागलं नव्हतं.

मग सत्त्याण्णव साल आलं. रेसकोर्स रोडवर काचेच्या भिंतींची नळांची दुकानं निघाली. आत गार हवा, भिंतीवर ओळीने चमकणारे नळ, आणि साडी नेसलेली एक मुलगी नळांची माहिती द्यायला. माझी बायको अहल्या तिथून एक नळ घेऊन आली. “एका बोटाने उघडतो,” ती म्हणाली, “आणि पाव फेऱ्यात बंद.”

धनाजीरावांनी तो नळ हातात घेऊन वर-खाली पाहिला, मूठ फिरवली. मूठ पाव फेऱ्यात अडली. त्यांनी आणखी फिरवायचा प्रयत्न केला.

“अहो, तेवढंच फिरतं ते,” अहल्या म्हणाली.

“एवढ्यात कसं पाणी बंद होईल, वहिनी? दाबच बसला नाही. वायसर कुठल्या मापाचा आहे?”

“वायसर नाहीच म्हणे. सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात.”

धनाजीराव माझ्याकडे वळले. “सर, वहिनींना फसवलं. नळ विकला आणि आतला नळ काढून घेतला.”

तरीही त्यांनी तो आमच्या स्वयंपाकघरात बसवून दिला.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या टोकाला फत्तेसिंहराव जगदाळ्यांचा बंगला पुरा होत आला. फत्तेसिंहराव वनखात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर जंगलात विहिरीचं पाणी काढून अंघोळी केल्या, आता घरात सगळं नवीन हवं, असा त्यांचा हट्ट. त्यांनी एकदम अकरा सिरॅमिकचे नळ आणले आणि बसवायला धनाजीरावांना बोलावलं. धनाजीरावांनी वायसर नसल्याची गैरसोय त्यांच्या कानावर घातली. फत्तेसिंहराव म्हणाले, “शितोळे, मी मत विचारलेलं नाही. श्रावणात वास्तुशांत आहे. अकरा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त आहे, त्या मिनिटाला अकराही चकल्यांना पाणी आलं पाहिजे.”

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता गवंडी गच्चीवरच्या टाकीला आतून सिमेंटचा शेवटचा हात मारत होते. साडेदहाला ते खाली उतरले. फत्तेसिंहरावांनी भटजींना वर नेऊन टाकीची पूजा करून घेतली. धनाजीरावांनी पंप सुरू केला, टाकीत पाणी चढलं आणि बरोबर अकरा वीसला त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह उघडला. अकराही चकल्यांना पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. जेवणात बासुंदी होती.

आठ दिवसांनी पहिली चकली ठिबकायला लागली. पंधरा दिवसांत सगळ्या.

फत्तेसिंहराव शिस्तीचे. त्यांनी प्रत्येक नळाला नंबर दिला आणि घड्याळ लावून एका वहीत नोंदी सुरू केल्या. तीन नंबर, मिनिटाला चाळीस थेंब. सात नंबर, मिनिटाला नव्वद, सकाळी जास्त. वाघांची गणती केलेला माणूस. वही घेऊन ते दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “साहेब, माल तो कंपनीनो छे, फिटिंगमां गरबड हशे.” फत्तेसिंहरावांनी धनाजीरावांना बोलावलं. धनाजीराव म्हणाले, “साहेब, मी आधीच सांगितलं होतं. आत वायसर नाही, तर गळणारच.” दुकानदाराचा फिटिंगला दोष, धनाजीरावांचा कंपनीला, आणि फत्तेसिंहराव त्या दोघांच्या मध्ये वही उघडून उभे.

शेवटी धनाजीरावांनी अकराही नळ उघडले. मुठीखाली जो चकत्यांचा भाग असतो, तो सबंधच्या सबंध बाहेर निघतो. दुकानदार त्याला कार्ट्रिज म्हणायचा. धनाजीरावांनी लगेच त्याचं मराठी केलं. “काडतूस म्हणा ना सरळ. आमच्या घराण्यात काडतूस काय ते शिकवावं लागत नाही.” त्यांनी अकरा काडतुसं एका डब्यात भरली, नळांची तोंडं बंद केली आणि मागच्या अंगणात एक जुन्या पद्धतीचा पितळी नळ लावून दिला, खोगिराच्या वायसरसकट. तो गळत नव्हता. पुढचे दहा-बारा दिवस नव्या बंगल्यातली माणसं बादल्या घेऊन त्या एका नळापाशी उभी राहत होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढे फत्तेसिंहराव, खांद्यावर पंचा टाकून.

इकडे निजामपुऱ्यात धनाजीरावांनी डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला आणि डिसमिसने, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने, काडतुसं खोलायला बसले. त्यांच्या पत्नी कमळाबाई त्याच वेळी पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

“काय सांगू, घरात नुसता वैताग आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी जगदाळ्यांकडे अकरा चकल्या केल्या, त्या सगळ्या गळतायत.”

“तेल गळतंय? मग मोहन जास्त झालं असणार,” बहीण म्हणाली. “आणि अकराच कशा गं? निदान किलोभराच्या तरी करायच्या.”

संध्याकाळी सहाला कंपनीची बस नाक्यावर थांबली आणि त्यांची सून मिताली घरी आली. मुलगा समरजित औषधकंपनीत फिरतीवर असे, आठवड्यातले पाच दिवस सुरतेकडे. मिताली मकरपुऱ्यात, पंपांची सील बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून लागलेली. ती नेमकं काय काम करते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. धनाजीराव विचारणाऱ्याला “कंपनीत जाते” एवढंच सांगत.

तिने टेबलावरच्या दोन पांढऱ्या चकत्या उचलल्या, पदराने पुसल्या, एकमेकींवर ठेवून जरा फिरवल्या आणि वरची चकती दोन बोटांत धरून हात उंच केला. खालची चकती पडली नाही. चिकटून लटकत राहिली.

“आबासाहेब, ह्या तर आमच्या सीलसारख्याच आहेत,” ती म्हणाली. “ह्या खराब नाहीत. ह्यात काहीतरी—”

“तू हातपाय धू. चहा घे,” धनाजीराव म्हणाले.

मिताली हातपाय धुवायला गेली. तिला घरात येऊन दीडच वर्ष झालं होतं. धनाजीरावांनी चकत्या परत घेतल्या. चकत्यांची सांध नीट बसत नसेल तर घासून बसवावी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. खिडकीची जुनी काच जमिनीवर ठेवून, तिच्यावर दंतमंजन भुरभुरवून त्यांनी एक चकती दीड तास घासली. चकतीला काही झालं नाही. काच मात्र स्वच्छ निघाली.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. आमचाही नवा नळ तोपर्यंत ठिबकायला लागला होता.

“सर, उपाय सापडला,” त्यांनी जाहीर केलं. “वायसर मीच घालतो.”

त्यांनी काडतूस खोललं, दोन चकत्यांच्या मध्ये बरोबर मापाचा, मध्ये भोक पाडलेला खोगिराचा वायसर बसवला आणि काडतूस परत नळात घातलं. ते आता आधीपेक्षा उंच झालं होतं. वरच्या नटाचे दोनच आटे बसले. धनाजीरावांनी पान्याने तिसरा बसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. “चालेल,” ते म्हणाले. “सर, जरा व्हॉल्व्ह उघडा.”

मी मागे जाऊन व्हॉल्व्ह उघडला. आधी आतून अहल्येची किंकाळी आली, मग काहीतरी आदळल्याचा आवाज. काडतूस उडालं होतं. ते छताला लागलं, तिथून फडताळावर पडलं आणि तिथून आमटीत गेलं. त्यामागोमाग पाण्याची धार छतापर्यंत पोहोचली. मी गडबडून व्हॉल्व्ह आणखी उघडला. मग अहल्या स्वतः येऊन तो बंद करून गेली.

स्वयंपाकघरात पाऊल बुडेल एवढं पाणी साठलं होतं. धनाजीराव नखशिखान्त भिजून ओट्याला टेकून खाली बसले होते. मिशांमधून पाणी गळत होतं. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आत गेलं.

“सर, एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला नळाची भीती वाटली,” ते म्हणाले. “मला त्याचं काही कळतच नाही. उद्या सगळीकडे हेच नळ येणार. मग मी काय करायचं?”

अहल्या आमटीतून काडतूस चमच्याने बाहेर काढत होती. ती म्हणाली, “भाऊ, तुमची सून मकरपुऱ्याला सीलच्या कारखान्यात आहे ना? तिला विचारा की.”

“सुनेला?” धनाजीराव म्हणाले. मग मिशा पिळून ते उठले.

पुढचा प्रसंग मला कमळाबाईंनी सांगितला आणि त्या तो अजूनही हावभावांसकट सांगतात. नवरात्राची आठवी माळ होती. जेवणं झाल्यावर धनाजीराव बैठकीत ताठ बसले आणि त्यांनी हाक मारली, “मिताली! इकडे ये. बस.”

मिताली घाबरून येऊन बसली.

“तुमच्या कंपनीत काही शिकवतात, की नुसतेच डबे खायला जाता?”

“शिकवतात, आबासाहेब.”

“मग मी परीक्षा घेतो. मला सगळं माहीत आहे. तुला किती येतं ते बघतो.” त्यांनी काडतुसांचा डबा पुढे सरकवला. “पहिला प्रश्न. ह्याच्यात वायसर का नाही?”

मितालीने सासूकडे पाहिलं. कमळाबाई भिंतीकडे बघून पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

“वायसर लागतो तो फट भरायला,” मिताली म्हणाली. “पितळ पितळेवर बसवलं तर कितीही दाबा, मध्ये बारीक फट राहते. म्हणून मऊ काहीतरी घालावं लागतं. ह्या दोन चकत्या इतक्या सपाट घासलेल्या आहेत की मध्ये फटच राहत नाही. मग भरायचं काय? उलट काही घातलं तर त्या एकमेकींपासून लांब जातील.”

धनाजीरावांना आमटी आठवली असावी. “हं,” ते म्हणाले. “बरोबर. दुसरा प्रश्न. फट नाही तर मग पाणी येतं कुठून?”

“दोन्ही चकत्यांना भोकं आहेत, बघा. खालची हलत नाही. वरची मुठीबरोबर फिरते. वरचं भोक खालच्या भोकावर आलं की पाणी चालू. पाव फेरा फिरवला की भोकावर चकतीचा भरीव भाग येतो, पाणी बंद. जुन्या वाड्यात जिन्यावरचं सरकतं दार असतं ना, तसं. सरकवलं की झालं. दाबायचं काही नाहीच.”

“म्हणजे मूठ जोराने आवळली तरी—?” धनाजीराव परीक्षक आहेत हे क्षणभर विसरले.

“काही जास्त बंद होत नाही. चकतीचा टवका मात्र उडेल. ही चीज कठीण आहे, पण काचेसारखी फुटते.” मग ती हळूच म्हणाली, “बरोबर आहे ना, आबासाहेब?”

“बरोबर, बरोबर. आता शेवटचा प्रश्न. एवढं सगळं आहे तर मग गळतं का?”

मितालीने एक काडतूस उचलून खालून दाखवलं. त्याच्या बुडाला काळ्या रबराची कडी होती. “ह्या दोन ठिकाणांहून गळू शकतं. एक, चकत्यांच्या मधून. दुसरं, ह्या रबराखालून, कारण खालची चकती नळात ह्या रबरावर बसते. ते कापलं गेलं की पाणी बाजूने येतं. पण अकराच्या अकरा एकदम गळतात म्हणजे कारण एकच असणार, आणि ते मला इथे डोळ्यांना दिसणार नाही. परवा दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा आहे, घरच्यांना बोलावलंय. तुम्ही आणि आईसाहेब या. डबा घेऊन या.”

“विचार करतो,” धनाजीराव म्हणाले आणि त्याच रात्री त्यांनी फेटा इस्त्रीला काढला.

दसऱ्याला शितोळ्यांच्या देव्हाऱ्यापुढे दरवर्षीप्रमाणे आजोबांची तलवार आणि पाइप पाना शेजारी शेजारी मांडून पूजा झाली. मग नाश्त्याला फाफडा-जलेबी, आणि तिघं बसने मकरपुऱ्याला गेले. कारखान्याच्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मिताली वाटेत भेटणाऱ्यांशी बोलत होती आणि प्रत्येक जण “मितालीबेन, आ सासरा?” असं विचारून धनाजीरावांना वाकून नमस्कार करत होता. एक पन्नाशीचा यंत्रचालक म्हणाला, “काका, मितालीबेन पास न करे तो अमारो माल गेटनी बहार न जाय.” धनाजीरावांनी फेटा सारखा केला.

तिच्या खोलीत पिवळ्या उजेडाचा एक दिवा होता आणि बशीच्या आकाराची एक जाड काच. तिने सीलची एक कडी त्या काचेखाली ठेवली. कडीवर काळ्या रेघा दिसायला लागल्या, सरळ, सारख्या अंतरावर. “रेघा सरळ म्हणजे पृष्ठभाग सपाट. वाकड्या झाल्या तर कुठेतरी उंचवटा किंवा खळगा आहे.” मग तिने नळाची चकती पुसून ठेवली. तिच्यावरही रेघा सरळ आल्या. “ही तुम्ही दंतमंजनाने घासलेली, बरं का. कल्पना तुमची योग्यच होती, आबासाहेब, आम्हीही अशाच घासतो. पण हिला हिऱ्याची पूड लागते.”

त्यानंतर तिने न उघडलेलं एक काडतूस जपून खोललं आणि आतली चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. “आता बघा.”

धनाजीरावांनी एक डोळा मिटला. चकतीवर करड्या रंगाचे खडे दिसत होते, सिमेंट चिकटलेली वाळू. बाजूला पांढरा धागा, पाइपच्या आट्यांवर गुंडाळतात त्या टेपचा. आणि एक चमकदार, पीळदार तुकडा.

“वाळूने चकतीला ओरखडा येत नाही, ती वाळूपेक्षा कठीण आहे,” मिताली सांगत होती. “पण कण मध्ये अडकला की वरची चकती केसभर उचलली जाते. तेवढ्यातून पाणी येतं. हा पीळदार तुकडा मात्र कसला आहे ते मला कळत नाही.”

धनाजीरावांनी भिंगावरून डोळा काढला.

“हा माझा आहे,” ते म्हणाले. “पाइपला आटे पाडताना लोखंडाचा कीस पडतो. तो आत राहिलाय.”

त्यांनी लाइन धुतली नव्हती. वास्तुशांतीच्या दिवशी नाही, आणि खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत कधीच नाही. गरजच पडली नव्हती. चामडं मऊ, ते वाळू, कीस, सगळं पोटात घ्यायचं आणि तरीही तोंडावर बसायचं. धनाजीराव ज्याला आपला हात समजत होते, त्यातला बराचसा भाग त्या खोगिराचा होता. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

अकरा काडतुसांचा निकाल त्या खोलीतच लागला. सात नुसती धुऊन, चकत्यांना ठिपकाभर योग्य ते ग्रीस लावून चांगली झाली. दोनांची रबरं धनाजीरावांच्या डिसमिसने कापली गेली होती, ती नवी घालावी लागणार होती. उरलेल्या दोनांच्या चकत्यांचे टवके उडाले होते. “हे कोणीतरी फार आवळलंय,” मिताली म्हणाली. कोणी, ते धनाजीरावांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फत्तेसिंहरावांकडे गेले. मी तिथेच होतो, कारण फत्तेसिंहरावांनी कंपनीला लिहिलेलं चार पानी तक्रारपत्र मला वाचून दाखवायला बोलावलं होतं. भाषा कडक होती आणि शेवटी ‘जनतेचा विश्वासघात’ हे शब्द होते.

“साहेब, चूक कंपनीची नाही. माझी आहे,” धनाजीराव दारातूनच म्हणाले. “मी लाइन धुतली नाही.”

फत्तेसिंहरावांचा चेहरा उतरला. “तुमची? अहो, मग ह्या पत्राचं काय करू?”

धनाजीराव आत आले. त्यांनी बादलीवर कमळाबाईंचं जुनं पांढरं लुगडं बांधलं, पहिल्या नळाचं तोंड उघडलं आणि मला व्हॉल्व्हकडे पाठवलं. या वेळी मी हळूच उघडला. पाणी धडाधड आलं. दहा मिनिटांनी लुगडं सोडून पाहिलं तर त्यावर मूठभर वाळू, सिमेंटच्या खपल्या, टेपचे धागे, लोखंडाचा कीस. आणि तांदूळ. फुगलेले, पण कुंकवाचा रंग अजून पुसट दिसत असलेले.

“हे काय?” धनाजीराव वाकून म्हणाले.

फत्तेसिंहरावांनीही वाकून पाहिलं. मग सरळ उभे राहिले, खाकरले. “अक्षता असाव्यात,” ते म्हणाले. “पूजेला भटजी टाकीच्या कडेवर चिमूटभर ठेवत होते. मी म्हटलं, नवीन घर आहे, कंजूषपणा नको, आत टाका.” थोडं थांबून ते म्हणाले, “ओंजळभर टाकल्या.”

फत्तेसिंहरावांनी चार पानांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्या दिवशी टाकी घासून धुतली, सगळी लाइन धुतली आणि दोन दिवसांनी अकराही नळ बसले. दोन नवी काडतुसं दुकानदाराने कुरकुरत बदलून दिली. सगळं झाल्यावर धनाजीरावांनी फत्तेसिंहरावांना वाहत्या नळापुढे उभं केलं.

“एका बोटाने, साहेब. अडलं की सोडून द्यायचं. आवळायचं नाही.”

“गळणार नाही ना?”

“फिरवा तर खरं, साहेब.”

फत्तेसिंहरावांनी बोट पुढे केलं, नळ बंद केला आणि पिंजऱ्याचं दार लोटल्यासारखे चटकन मागे सरले. पाणी थांबलं होतं. तरी ते मिनिटभर घड्याळ धरून उभे राहिले.

त्यानंतर धनाजीरावांचं काम करायचं तंत्रच बदललं. लुगड्यावर पाणी गाळून घरच्या बाईला दाखवल्याशिवाय ते नवा नळ हातात घेत नसत. काही गिऱ्हाइकं कंटाळायची. एकाने घाई केली तेव्हा धनाजीराव सायकलवर पाना बांधून सरळ निघून गेले. बोअरवेलचं खारं पाणी असलेल्या नव्या सोसायट्यांमध्ये चकत्यांवर क्षार बसून मूठ जड होते, तर काडतूस व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचं आणि रबर आधी का काढायचं, हे सगळं त्यांना माहीत झालं. कसं माहीत झालं, ते कमळाबाई सांगतात. दर रविवारी जेवणानंतर बैठकीत मितालीची परीक्षा व्हायची. ती सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि परीक्षक ती एका वहीत उतरवून घ्यायचे. एकदा त्यांनी असा प्रश्न विचारला, की मितालीला उत्तर आलं नाही. ती म्हणाली, “सोमवारी कंपनीत विचारून सांगते.” धनाजीराव दिवसभर खुशीत होते.

दोन हजार दोन साली एका नळकंपनीने शहरातल्या प्लंबरांना अलकापुरीतल्या हॉटेलात बोलावलं. पडद्यावर चित्रं दाखवून एक तरुण इंजिनिअर हिंदीत समजावत होता. त्याने लाइन धुण्याचं सांगितलं, पण रबराच्या कडीचं विसरला. धनाजीराव उठून उभे राहिले आणि त्यांनी ते सांगितलं. मग चकत्यांवरच्या काळ्या रेघा सांगितल्या. इंजिनिअर म्हणाला, “काका, इधर आइए, आप ही समझाइए.” धनाजीराव पाऊण तास बोलले. समोसे गार झाले.

शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. टेबलामागच्या मुलीने नाव विचारलं.

“मिताली समरजित शितोळे,” धनाजीराव म्हणाले.

“पर काका, ये तो लेडीज का नाम है.”

“हो. तिलाच द्यायचं आहे. मला शिकवलं तिनं.”

मुलीने वर विचारून येते म्हटलं. वरून नकार आला, जे हजर असतील त्यांच्याच नावाने मिळेल. मग तिने त्यांचं नाव लिहिलं, आणि तेही ‘धनजीभाई शितोले’ असं. धनाजीरावांनी ते घरी आणलं, धनजीभाईवर पांढरा कागद चिकटवला, त्यावर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात, सुनेचं पूर्ण नाव लिहिलं आणि चौकट करून स्वयंपाकघरात सिंकच्या वर खिळ्याला लावलं. मिताली लाजून ते दोनदा काढायला गेली. दोन्ही वेळा कमळाबाईंनी तिला स्टुलावरून खाली उतरवलं.